उन्हाच्या देशांतील हरितगृह

हरितगृह म्हटलें कीं थंड देशांतील एक चित्र बहुधा डोळ्यांपुढें उभें राहतें: बाहेर बर्फ पडत आहे आणि कांचेच्या आंत भाजी पिकत आहे. ही कल्पना तिकडे खरी आहे, आणि फार जुनीहि आहे. रोमचा बादशहा टायबेरिअस यास काकडीच्या जातीचें एक फळ इतकें प्रिय होतें कीं, त्याचे माळी चाकांवरील वाफे उन्हांत ढकलीत आणि थंडी पडली म्हणजे ते पारदर्शक दगडाच्या तावदानांखालीं नेत, असें प्लिनीनें नमूद केलें आहे. इंग्लंडांत १८४५ सालीं कांचेवरील कर उठला आणि सरदारांच्या बागांतील कांचगृहें इतरांच्याहि आवांक्यांत येऊं लागलीं. पुढें १९४८ च्या सुमारास केंटकी विद्यापीठांत एमर्ट यांनीं कांचेऐवजीं प्लॅस्टिकचा कागद वापरला. महाराष्ट्रांतील शेतांत आज जें 'पॉलिहाऊस' दिसतें, तें याच वंशांतलें.

वंश एक असला तरी काम मात्र एक नाहीं. जळगांवच्या किंवा नागपूरच्या वैशाखाला ऊब उसनी आणावी लागत नाहीं. येथें आच्छादन हवें तें पावसाचा मारा, गारा, करपविणारें ऊन आणि किडी यांना बाहेर ठेवण्यासाठीं. हा भेद ध्यानांत न घेतां एखाद्या हौशी कुटुंबानें चित्राबरहुकूम चारी बाजूंनीं बंद घर उभारलें, तर पहिल्याच चैत्रांत रोपें उकडून निघतात; आणि घातलेला पैसा व उत्साह बरोबरच जातात.

बंद घर इतकें तापतें कां, याचा उलगडा आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९०९ सालीं दोन लहान पेट्या घेऊन केला. एकीवर कांच होती, दुसरीवर सैंधवाचें तावदान. आंतून निघणारे उष्णतेचे किरण कांच अडविते, सैंधव अडवीत नाहीं. असें असतांहि, ऊन एका कांचेंतून गाळून दोन्ही पेट्यांवर पाडलें तेव्हां दोहोंतील पारा सुमारें ५५ अंशांपर्यंत चढला आणि त्यांच्यांत अंशभराचाहि फरक जेमतेम पडला. घर तापतें तें मुख्यत्वें आंतली हवा कोंडल्यामुळें, हाच याचा अर्थ. म्हणून छपराच्या कण्यापाशीं तापलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट हवी आणि खालच्या बाजूंनीं ताज्या हवेला आंत येण्यास. घर जितकें लहान व ठेंगणें, तितकें तें लवकर तापतें. घरगुती प्रमाणावर चार खांब, निम्मी सावली देणारी जाळी, बाजूंना किडी अडविणारी बारीक जाळी, आणि प्लॅस्टिकचें छप्पर फक्त पावसाळ्यापुरतें, एवढें पुष्कळ झालें. जाळी जितकी बारीक तितका वारा कमी शिरतो. ती लावतांना छप्पर उंच ठेवावें.

जें बाहेर ठेविलें त्याचें काम घरधन्याच्या अंगावर येतें, हें आधीं फार थोड्यांना सुचतें. पाऊस अडविला कीं खतांतले क्षार धुऊन नेणारा कोणी उरत नाहीं. मधून मधून भरपूर पाणी सोडून ते तळाच्या छिद्रांतून वाहूं द्यावे लागतात. मधमाशी अडविली कीं फलधारणेची पंचाईत होते. टोमॅटोच्या एकाच फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात, तरी परागकण झडण्यास हलकासा धक्का लागतो; सकाळीं दहाच्या सुमारास आधाराची दोरी टिचकीनें हलविली तरी काम भागतें. दुधी, दोडका, कारलें यांचीं नर व मादी फुलें निराळीं. तेथें नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाला स्वहस्तें लावावा लागतो. आणि त्यांतहि दुधी व दोडका संध्याकाळीं उमलतात, कारलें पहाटे! कचेरीची वेळ सांभाळणाऱ्या गृहस्थानें वेल निवडतांना याचाहि विचार करावा. काकडीचें बीं मात्र परागावांचून फळ धरणाऱ्या जातीचें मिळतें. जाळीच्या घरांत तेंच घ्यावें.

पांढरी माशी एकदां आंत शिरली तर तिला खाणारे किडेहि बाहेरच राहिलेले असतात, आणि ती सुखानें वाढते. यासाठीं एकामागें एक अशीं दोन दारें ठेवून एक लावल्याखेरीज दुसरें उघडूं नये. दाराचा हा नियम घरांतील मुलें मोठ्यांपेक्षां चोख पाळतात.

श्रोत्यांपैकीं ज्यांचा डोळा गच्चीवर आहे, त्यांनीं वजनाचा हिशेब आधीं करावा. एक चौरस मीटर जागेंत फूटभर ओली माती म्हणजे सुमारें अर्धा टन भार. त्यापेक्षां नारळाचा भुसा व कंपोस्ट यांचें हलकें मिश्रण पिशव्यांत भरावें, आणि तरीहि इमारतीच्या जाणकाराला विचारावें. जाळीचें घर वाऱ्याला शिडासारखें असतें. तें नीट जखडलें पाहिजे.

पिकांत पहिला मान पालेभाज्यांचा, कारण त्यांना ना पराग लागतो ना फळाची वाट पाहावी लागते. पाऊस ओसरल्यावर कार्तिकांत मेथी, पालक, कोथिंबीर यांनीं आरंभ करावा. उन्हाळ्यांत उघड्या वाफ्यांतील कोथिंबीर भराभर फुलावर येते. जाळीच्या सावलींत ती थोडी अधिक टिकते, आणि महागाईच्या त्या दिवसांत तेवढेंहि पुष्कळ वाटतें. रंगीत ढोबळी मिरचीचा मोह मात्र दुसऱ्या वर्षावर टाकावा. पारा पस्तिशीपलीकडे गेला कीं टोमॅटोचा मोहोर गळूं लागतो, आणि मिरची त्याहिपूर्वीं कुरकुरते.

बीं टाकण्यापूर्वीं आठवडाभर रिकाम्या घरांत रोपांच्या उंचीवर, सावलींत, एक उष्णतामापक टांगून ठेवावा, आणि भर दुपारीं आंतला व बाहेरचा पारा लिहून घ्यावा. आंतला आंकडा दोन-तीन अंशांहून अधिक वर राहत असेल, तर वाटा अपुऱ्या आहेत असें समजून छपराचा कणा आणखी उघडावा, आणि मगच मेथीचे दाणे भिजत घालावे.