जड मालमोटार आणि क्लचचा पाय
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



विद्या, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर आपल्या संमेलनात दरवर्षी बोलणे होते. यंदा मंडळाने मोटार हाकण्याच्या विद्येस व्यासपीठावर जागा दिली, याचा आम्हांस संतोष वाटतो. आपल्यापैकी कित्येक घरांची चूल मालमोटारीवर पेटते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वीच्या अखंड चंद्रपुरात आलापल्लीचे सागवान, बल्लारपूरच्या कागद गिरणीचा बांबू आणि खाणींतील कोळसा हा मुख्य माल होता. आता त्यात सुरजागडच्या लोहखनिजाची भर पडली आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालमोटार हाकण्यास वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि तिचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो. त्यामुळे आपले तरुण जड गाडीवर येतात ते लहान गाडीची सवय घेऊनच. अॅक्सिलरेटर दाबावयाचा आणि क्लच झटक्याने सोडावयाचा, ही ती सवय. लहान गाडी ती सोसते. लाकडाने भरलेली गाडी सोसत नाही.

क्लच म्हणजे काय? इंजिनाचे फिरते चाक आणि गिअरपेटी यांच्यामध्ये एक घर्षणाची प्लेट असते. पेडल दाबले की ती मोकळी होते, सोडले की चाकास चिकटते. पूर्ण चिकटेपर्यंत ती घासते, तापते आणि झिजते. कमलापूरचे हत्ती पूर्वी ओंडके ओढीत. साखळी सैल असताना हिसका दिला तर साखळी तुटावयाची; ती ताणली गेल्यावरच ओढ घ्यावयाची. क्लचचे अगदी तसेच आहे.

डिझेल इंजिनास कमी फेऱ्यांतही पुष्कळ जोर असतो. म्हणून भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्येच उठवावी. अॅक्सिलरेटर जवळजवळ न दाबता पेडल हळूहळू वर येऊ द्यावे. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला की पाय क्षणभर तेथेच थांबवावा. गाडी सरकू लागली की पेडल पूर्ण सोडावे, मगच तेल द्यावे. पुढे पाय पेडलवर विसावू देऊ नये. त्याने बेअरिंग आणि प्लेट दोन्ही जातात.

चढावर हात-ब्रेक ओढून ठेवावा, क्लच पकडीवर आणावा, आणि पकड लागल्यावरच ब्रेक सोडावा. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे ही हुशारी नव्हे. चढावर गाडी थांबली की क्लीनर चाकामागे लाकडी ठोकळा लावावयास उतरतो. तो बहुधा आपल्याच घरचा कोवळा मुलगा असतो. गाडी हातभर मागे आली तर प्लेटच्या खर्चाची गोष्ट राहत नाही.

जुन्या गाड्यांत दोनदा क्लच दाबण्याची रीत होती. खालचा गिअर घेताना न्यूट्रलमध्ये पेडल सोडून इंजिनाच्या फेऱ्या वाढवावयाच्या, मग पुन्हा दाबून गिअर घालावयाचा. समगतीच्या गिअरपेटीने ती सक्ती उरली नाही. तथापि रीत शिकलेल्याचा कान तयार होतो, असे आमचे मत आहे.

उतारावर क्लच दाबून गाडी सोडणारे काही महाभाग आहेत. त्यांचे डिझेल वाचत असेल. इंजिनाचा आवर मात्र सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा.

पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की घाई करू नये. चिखल उपसावा, चाकाखाली बांबू किंवा फांद्या घालाव्यात, जमल्यास माल उतरवावा. जळका वास आलाच, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाय काढून घ्यावा आणि प्लेट निवू द्यावी. तेवढ्या वेळात मालक फोनवर कितीही ओरडला तरी चालेल.