पाणी तोडू नका

कोकणात माडावरून पडून मणक्याला मार बसलेली माणसं तपासून घ्यायला येतात, तेव्हा घरचे पायांबद्दल हजार प्रश्न विचारतात. लघवीचं मात्र निघताना, दाराशी, दबक्या आवाजात. तोवर रुग्णानं स्वतःच एक उपाय शोधलेला असतो: पाणी तोडायचं. लग्नाला जायचंय, मग आदल्या रात्रीपासून घोटही नाही. त्यानं कपडे कोरडे राहतीलही, पण जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात.

मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली की मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. कपडे भिजतात म्हणजे लघवी पूर्ण होतेच असं नाही. पुष्कळदा आत काठोकाठ भरलेलं असतं आणि वरचं तेवढं सांडतं. वरून डायपर बांधलं तरी आतला दाब मूत्रपिंडांना छळतच राहतो. म्हणून आधी सोनोग्राफीत बघून घ्या, लघवीनंतर आत किती उरते.

उरत असेल तर दर चार ते सहा तासांनी स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. निर्जंतुक हातमोजे लागत नाहीत, साबणानं धुतलेले हात चालतात. बायका सुरुवातीला आरसा धरून शिकतात, मग आरसाही लागत नाही. एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर निघू लागलं, तर पाणी कमी करण्याआधी नळीची वेळ अलीकडे आणा.

लघवी आत उरत नसेल, नुसती गळत असेल, तर पुरुषांना कंडोमसारखं बाहेरून चढवायचं कंडोम कॅथेटर आणि लघवी साठवायची युरोबॅग सोयीची. मात्र चिकटपट्टी आवळू नका. कातडीला संवेदना नसते, जखम झालेली कळतही नाही. गादीवर अंडरपॅड घाला. डायपर ओलं झालं की बदलायचं, ते पुरवून पुरवून वापरू नका.

खर्चाचं काय? दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, आधी काढा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. पण लघवीच्या वस्तू मागायच्या लाजेपोटी लोक तिथं, घरात एक पडून असली तरी, तीनचाकी सायकलच पुन्हा मागतात! अर्जात ‘लघवीच्या नळ्या, पिशव्या, अंडरपॅड’ असं नाव घालून लिहा आणि महिन्याला किती लागतात ते डॉक्टरांकडून लिहून आणा. मुंबईजवळ असाल तर हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत दाखवता येईल.

जाता जाता एक धोक्याची खूण. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर रुग्णाला आधी उठवून बसवा. नळी बसवलेली असेल तर ती मुडपलीय का पाहा. नसेल तर घालून मूत्राशय रिकामं करा. तरी उतार पडला नाही, तर तडक दवाखाना गाठा. रक्तदाब चढलेला असतो.