पदवीनंतरची पायरी : परिचारिकांची नोंदणी
(पंचायत सदस्य, शिक्षक व परिचर्येचे विद्यार्थी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गावातील मुलगी परिचारिका झाली की आपण तिचा सत्कार करतो. हे योग्यच आहे. परंतु निकाल लागला म्हणजे ती कायद्याच्या दृष्टीने परिचारिका झाली, असा जो समज आहे तो अपुरा आहे. गुणपत्रिका तिचे ज्ञान सिद्ध करते. रुग्णाची सेवा करण्याचा अधिकार मात्र नोंदणीने प्राप्त होतो.

आपल्या राज्यात हा अधिकार महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद देते. पदवीची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर पदविकेच्या परीक्षा राज्याचे परिचर्या व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. परीक्षा घेणारी संस्था एक आणि नोंदणी करणारी दुसरी, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. संस्थेने दाखला दिला की पुढचे आपोआप होईल, या भरवशावर काही उमेदवार राहतात. शासकीय भरतीच्या जाहिरातीत बहुधा अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वीची नोंदणी मागितलेली असते. अशा वेळी वर्षानुवर्षांचे कष्ट एका कागदावाचून अडतात.

काही देशांत पद्धती वेगळी आहे. अमेरिकेत पदवीधराला प्रथम त्या त्या राज्याच्या परिचर्या मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि ‘एन्क्लेक्स’ ही परवाना परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते. १९९४ पासून ती संगणकावर होते आणि उमेदवाराच्या उत्तरांवरून पुढील प्रश्न ठरत जातो. परीक्षेच्या परवानगीपत्रावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळले नाही, तर परीक्षा केंद्रात प्रवेश मिळत नाही. आपल्याकडील मुलेमुलीही ही परीक्षा देतात, म्हणून हा तपशील सांगितला.

नावाचा हा प्रश्न आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचतो. जन्माच्या नोंदीत ‘सुनिता’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुनीता’, गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग निराळे आणि विवाहानंतर आडनाव बदललेले, अशी स्थिती असली की अर्ज त्रुटीत निघतो. मग दुरुस्तीसाठी शाळा, ग्रामपंचायत, विद्यापीठ अशा फेऱ्या सुरू होतात. या फेऱ्यांचा खर्च आणि रोजगाराचे बुडालेले महिने त्या कुटुंबालाच सोसावे लागतात.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रवेशाच्या वेळी नाव जन्मदाखल्याशी ताडून पाहावे आणि दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना पालकांसमक्ष ते पुन्हा वाचून घ्यावे. पंचायत सदस्यांनी जन्माची नोंद २१ दिवसांच्या मुदतीत होते की नाही, याकडे लक्ष द्यावे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये सुधारणा झाली आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मदाखल्याचे महत्त्व फारच वाढले आहे. विवाहाची नोंदही वेळेवर करून द्यावी. नाव बदललेल्या परिचारिकेला तो दाखला पुढे लागतोच.

आता विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. निकाल लागताच अर्जाच्या तयारीला लागा. अर्ज ऑनलाइन करावयाचा असला, तरी मूळ गुणपत्रिका, उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि ओळखपत्र प्रथम समोर मांडून नाव, जन्मदिनांक अक्षरशः जुळवून पाहा. तफावत दिसल्यास आधी ती दुरुस्त करून घ्या. शुल्काची पावती व अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. शुल्क आणि कागदपत्रांची यादी परिषदेकडूनच समजून घ्या. मध्यस्थाच्या हाती मूळ प्रमाणपत्रे देऊ नका. नोंदणी एकदा झाली म्हणजे काम संपले असेही नाही. ठराविक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते. दुसऱ्या राज्यात सेवेसाठी जाताना तेथील परिषदेकडे नोंदणी करणे आवश्यक असते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या या कायद्यात राज्य आयोगांची आणि राष्ट्रीय व राज्य नोंदवह्यांची तरतूद आहे. संस्थांची नावे बदलतील. परंतु नोंदवहीमागचे तत्त्व कायम राहील. अनोळखी माणसाच्या हाती आपण आजारी आईला किंवा नवजात बालकाला सोपवतो, तेव्हा त्या हातांना शिक्षण मिळाले आहे याची हमी कोणीतरी दिलेली असावी लागते. ती हमी म्हणजे ही नोंदणी होय.

यापुढे गावात परिचारिकेचा सत्कार होईल, तेव्हा हारासोबत एक प्रश्नही तिला आवर्जून विचारावा, “मुली, नोंदणीचा अर्ज केलास ना?” एवढी आस्था आपण दाखविली, तरी अनेक मुलींचे खोळंबलेले पाऊल पुढे पडेल.