मॅग्नस: एका नावाची हजार वर्षं



मॅग्नस हे नाव आपल्या घराघरांत पोचलं ते बुद्धिबळामुळे. नोव्हेंबर २०१३मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवून नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन जगज्जेता झाला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याचं कागदोपत्री नाव स्वेन मॅग्नस ओएन कार्लसन. यातलं ‘स्वेन’ अस्सल उत्तरेकडचं आहे. ‘मॅग्नस’ मात्र मुळात लॅटिन विशेषण, अर्थ ‘थोर’. हजार वर्षांपूर्वी नॉर्वेत या नावाचा राजपुत्र कुणी ऐकलेला नव्हता. आज ते नाव ओलाव, हाराल्ड, एरिक यांच्या पंगतीला बसतं आणि तिथल्या माणसाला ते परकं आहे असं सांगितलं तर त्याला नवल वाटतं. हे कसं झालं, आणि या नावाच्या माणसांनी काय केलं, हा माझा आजचा विषय.

ही गोष्ट एका रात्री सुरू होते. साल साधारण १०२४. नॉर्वेचा राजा ओलाव हाराल्डसन झोपलेला आहे आणि त्याच्या वाड्यात आल्फहिल्ड नावाची बाई बाळंत झाली आहे. ती राणी नव्हे, राजाच्या घरात कामाला असलेली. मूल राजाचं. पण ते इतकं अशक्त की जगेल याची कुणालाच खात्री नाही. खोलीत काही बायका, एक पाद्री आणि सिग्वात नावाचा आइसलँडचा कवी. दरबारी कवीला तिकडे स्काल्ड म्हणतात. सिग्वात हा त्या काळातला नामांकित स्काल्ड. पाद्री म्हणाला, राजाला उठवा, मुलाचा बाप्तिस्मा आत्ताच व्हायला हवा. राजाची तर सक्त ताकीद होती की मी आपणहून उठेपर्यंत मला कुणी जागं करायचं नाही. सिग्वातने ठरवलं की राजाची झोप मोडायची नाही आणि मुलाला बाप्तिस्म्याविना मरूही द्यायचं नाही. त्याने पाद्र्याला पुढे व्हायला सांगितलं, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि नावही स्वतःच ठेवलं: मॅग्नस.

सकाळी राजा भडकला. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झालाच कसा, हा पहिला राग. दुसरा राग नावाचा. हे आमच्या घराण्यातलं नाव नाही, हे कुठून आणलंस? हा प्रश्न आपल्याला लगेच समजतो, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल आपल्याकडेही होतीच. उत्तरेत तर मेलेल्या पूर्वजाचं नाव बाळाला देणं म्हणजे त्याचा मान आणि त्याचं भाग्य पुढे चालवणं. नावावरून घराणं ओळखायचं, गादीवरचा हक्क सांगायचा. अशा ठिकाणी एका कवीने राजाच्या मुलाला बिनपूर्वजांचं नाव देऊन टाकलं होतं.

सिग्वातने सांगितलं की मी हे नाव सम्राट कार्लामॅग्नूसवरून ठेवलं, कारण जगात त्याच्याइतका चांगला माणूस मला ठाऊक नाही. म्हणजे फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन, जो ८१४ साली वारला. ‘मॅग्नस’ ही त्याची पदवी, पण उत्तरेत पदवी आणि नाव एकजीव होऊन आली होती. बाप्तिस्म्याबद्दल त्याचं म्हणणं असं की मूल तसंच मेलं असतं तर सैतानाचं झालं असतं. आता ते देवाचं आहे, आणि या अपराधासाठी तुम्ही मला मारलंत तर मीही देवाकडेच जाईन. राजाचा राग निवळला.

हे सगळं आपल्याला सांगतो स्नोरी स्टुर्लुसन. त्याचा ‘हाइम्सक्रिंगला’ हा नॉर्वेच्या राजांचा इतिहास साधारण १२३०चा, म्हणजे घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेला. त्या खोलीतले शब्द जसेच्या तसे त्याला मिळाले असतील असं मी मानत नाही. पण या मुलाआधी हे नाव त्या घराण्यात नव्हतं आणि त्याच्यानंतर ते पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, हे पक्कं आहे.

१०३०मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत ओलाव मारला गेला. त्याच्याविरुद्ध उभे होते ते बऱ्याच अंशी त्याच्याच राज्यातले शेतकरी आणि सरदार. मुलगा तेव्हा नोव्हगोरोदला, यारोस्लाव राजाच्या आश्रयाला होता. पाच वर्षांत वारं फिरलं. मारलेल्या राजाला लोक संत मानू लागले, आणि ज्यांनी बापाविरुद्ध शस्त्र धरलं होतं त्यांच्यातलेच काही जण मुलाला आणायला गेले. १०३५मध्ये साधारण अकरा वर्षांचा मॅग्नस गादीवर बसला.

आणि मग तो सूड घेऊ लागला. बापाविरुद्ध लढलेल्यांच्या जमिनी जप्त, कुणी देशोधडीला, कुणाची गुरं कापलेली. शेतकरी कुरबुरू लागले, मग उघड बोलू लागले की राजाने कबूल केलेला कायदा मोडला आहे, त्याच्यावर चालून गेलं पाहिजे. राजाच्या माणसांना हे दिसत होतं, पण सांगायचं कुणी? स्नोरी म्हणतो, त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी सिग्वातची निघाली.

सिग्वातने जे रचलं त्याला ‘बेर्सोग्लिस्विसुर’ म्हणतात, परखड बोलाची कडवी. त्याचा आशय फार सरळ आहे. तुझ्या बापाच्या पदरी मी निष्ठेने राहिलो, तुझ्याही आहे. तुला शेतकऱ्यांवर सूड घ्यायला कोण शिकवतं? राजाचा शब्द पक्का असला पाहिजे. म्हातारी माणसं माना खाली घालून एकत्र जमू लागली आहेत, तेव्हा सांभाळ. एका दरबारी कवीने, ज्याचं पोट राजाच्या देणगीवर भरतं त्याने, भर दरबारात हे म्हटलं. मला मध्ययुगीन युरोपच्या इतिहासात यापेक्षा मोठं धाडस चटकन आठवत नाही. तलवार उपसणारे शेकड्यांनी होते. कोवळ्या वयाच्या, संतापलेल्या राजासमोर उभं राहून खरं बोलणारा हा एक. राजाने ऐकलं. जाणत्या माणसांना बोलावून कायदा ठरवला गेला, सूड थांबला, आणि लोक त्याला मॅग्नस ‘द गुड’, चांगला मॅग्नस म्हणू लागले. ज्याने जन्मरात्री ‘थोर’ हे नाव दिलं, त्यानेच ‘चांगला’ हे बिरुद मिळवायला राजाला भाग पाडलं. १०४२मध्ये तो डेन्मार्कचाही राजा झाला आणि १०४७मध्ये, विशीतच, वारला.

मला या नावाबद्दल जे म्हणायचं आहे ते या प्रसंगात आहे. मॅग्नस नावाचे पराक्रमी पुरुष पुष्कळ झाले. पण ज्यांनी नावाला उंची दिली ते कुणाच्या तरी शब्दाने, कायद्याने किंवा स्वतःच्या सदसद्विवेकाने हात आवरणारे होते.

याची उलटी आणि सुलटी बाजू एकाच जहाजावर दिसते. १०९८. नॉर्वेचा राजा आता मॅग्नस ‘बेअरफूट’, चांगल्या मॅग्नसचा दूरचा वारस. पश्चिमेच्या बेटांवरचा आखूड पोशाख घालून उघड्या पायांनी फिरायचा म्हणून हे नाव पडलं. ऑर्कनी, हेब्रिडीज, आयल ऑफ मॅन अशी बेटं घेत तो वेल्सच्या किनाऱ्याला, मेनाई सामुद्रधुनीत पोचला. जहाजावर त्याने ऑर्कनीच्या जहागीरदार घराण्यातला एक तरुण सोबत घेतला होता. त्याचंही नाव मॅग्नस, मॅग्नस एर्लेंडसन. नॉर्मन सरदारांशी लढाई जुंपली तेव्हा हा तरुण शस्त्र घेईना. राजाने विचारलं तर म्हणाला, इथल्या कुणाशी माझं भांडण नाही. स्तोत्रांचं पुस्तक उघडून तो बाणांच्या वर्षावात मोठ्याने स्तोत्रं म्हणत बसला. राजाने त्याला भेकड ठरवलं. पुढे एका रात्री तो जहाजावरून पाण्यात उतरला आणि पोहत निसटला. बेअरफूट राजा ११०३मध्ये आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टरमध्ये मारला गेला.

दुसरा मॅग्नस पुढे चुलतभाऊ होकोनबरोबर ऑर्कनीचा अर्ल, म्हणजे जहागीरदार, झाला. दोघांचं बिनसलं. एगिल्से बेटावर समेटासाठी भेटायचं, दोघांनी मोजकीच जहाजं आणायची असं ठरलं. होकोन कितीतरी जास्त घेऊन आला. हे परंपरेने १११७ सालचं सांगतात. ‘ऑर्कनेइंगा सागा’ या जुन्या गद्यकथेत यापुढचं वर्णन अंगावर येतं. मॅग्नसने तीन पर्याय दिले: मी तीर्थयात्रेला जातो आणि परत येत नाही, मला स्कॉटलंडमध्ये कैदेत ठेव, नाहीतर माझे हातपाय तोड किंवा डोळे काढ आणि अंधारकोठडीत टाक. हे सगळं स्वतःच्या जिवासाठी नव्हे, भावाच्या माथी खुनाचं पाप येऊ नये म्हणून. तिसऱ्याला होकोन तयार होता, पण सरदार अडून बसले की दोघांपैकी एकच उरेल. होकोनच्या निशाणवाल्याने मारायला साफ नकार दिला. शेवटी स्वयंपाकी लिफोल्फ याला पुढे ढकललं. तो रडू लागला. मॅग्नसने त्याची समजूत घातली, स्वतःचा अंगरखा त्याला देऊ केला आणि सांगितलं की चोरासारखं माझं मुंडकं उडवू नकोस, समोर उभा राहून डोक्यावर घाव घाल.

त्याच्या भाच्याने, रॉग्नवाल्डने, ११३७मध्ये कर्कवॉल गावात त्याच्या नावाचं कॅथेड्रल बांधायला घेतलं. लाल आणि पिवळसर वालुकाश्माची ती वास्तू आजही उभी आहे. स्कॉटलंडच्या राजाच्या १४८६च्या सनदेने ती गावाच्या मालकीची झाली, चर्चच्या नव्हे. आज ती ऑर्कनीच्या कौन्सिलकडे आहे. १९१९मध्ये डागडुजी चालू असताना एका खांबाच्या पोकळीत लाकडी पेटी सापडली. आत हाडं आणि कवटी. कवटीवर घावाची मोठी भेग होती.

तेराव्या-चौदाव्या शतकातले मॅग्नस मात्र रक्ताने नव्हे, कागदाने ओळखले जातात. नॉर्वेचा मॅग्नस ‘लागाब्योते’, म्हणजे कायदा सुधारणारा, १२६३ ते १२८० गादीवर होता. १२६६च्या तहाने त्याने हेब्रिडीज आणि आयल ऑफ मॅन स्कॉटलंडला पैसे घेऊन देऊन टाकले. बेअरफूटने जिंकलेलं त्याच्या वंशजाने करार करून सोडलं. १२७४मध्ये त्याने साऱ्या देशाला एकच कायदा दिला. प्रांताप्रांताच्या वेगळ्या कायद्यांच्या जागी एक कायदा, हे त्या काळात युरोपात विरळाच. त्यातली दोन कलमं मला फार महत्त्वाची वाटतात. ज्याला काम मिळत नाही आणि जो भुकेने जीव जाऊ नये म्हणून अन्न चोरतो, त्याला शिक्षा नाही. आणि न्यायाधीशाने निवाडा करताना चार बहिणींना विचारावं: दया, सत्य, न्याय आणि शांती. यातल्या एकीलाही बाहेर ठेवून दिलेला निकाल चुकीकडे झुकणार. हा कायदा नॉर्वेत चारशे वर्षं टिकला. २०२४मध्ये त्याची साडेसातशे वर्षं तिथे समारंभाने साजरी झाली.

स्वीडनमध्ये त्याचा समकालीन मॅग्नस ‘लाडुलोस’, अर्थ ‘कोठाराला कुलूप’. प्रवास करणारे उमराव वाटेतल्या शेतकऱ्याच्या घरी उतरत, फुकट जेवत आणि घोड्यांनाही त्याचंच गवत घालत. १२८०च्या सुमाराच्या फर्मानाने त्याने हे बंद केलं. या टोपणनावाची दुसरीही एक व्युत्पत्ती दिली जाते, पण लोकांनी हीच धरली, आणि लोकांनी काय धरलं याला माझ्या लेखी वजन आहे. पुढे मॅग्नस एरिक्सन, तिसऱ्या वर्षी स्वीडन आणि नॉर्वे दोन्हींचा राजा झालेला. १३३५मध्ये त्याच्या आदेशाने पश्चिम स्वीडनच्या भागात ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेल्या कुणालाही गुलाम ठेवायला बंदी झाली. त्याच्यानंतर स्वीडन किंवा नॉर्वेच्या गादीवर या नावाचा राजा आलेला नाही.

नाव तोवर राजवाड्याबाहेर पडून गावोगाव झालं होतं. डेन्मार्कमध्ये ते मोगेन्स झालं, स्वीडनमध्ये मोन्स, फिनलंडमध्ये माउनो. १९८२ ते १९९४ फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष माउनो कोइविस्टो होते. आयर्लंडमध्ये मॅकमॅनस हे आडनाव यातूनच आलं, ऑर्कनी-शेटलंडमध्ये मॅन्सन. आइसलँडमध्ये सहसा आडनाव नसतं, बापाच्या नावाला ‘सन’ किंवा ‘दोत्तिर’ जोडतात. बीबीसीच्या ‘मास्टरमाइंड’ या प्रश्नमंजूषेचे प्रसिद्ध सूत्रधार मॅग्नस मॅग्नसन रेकयाविकला जन्मले. त्यांच्या वडिलांचं नाव सिगुरस्टाइन मॅग्नूसन. तेव्हा आइसलँडच्या रीतीने ते मॅग्नस सिगुरस्टाइन्सन व्हायला हवे होते. लहानपणीच स्कॉटलंडला गेल्यामुळे वडिलांचं जोडनाव त्यांचं आडनाव होऊन बसलं.

एवढ्या जुन्या गोष्टी आपल्याला माहीत आहेत याचं श्रेय पुष्कळसं आर्नी मॅग्नूसन या विद्वानाला जातं. त्याचा जन्म १६६३चा. डेन्मार्कच्या राजाने त्याला आणि पाउल विदालिन याला आइसलँडच्या जमिनींची नोंद करायला पाठवलं. १७०३ची शिरगणतीही त्यांचीच, घरटी आणि माणसागणिक नावं असलेली. फिरता फिरता आर्नी चर्मपत्रं गोळा करायचा. गरिबीने गांजलेल्या घरांत जुन्या पोथ्यांची पानं कापडाच्या मापासाठी कातरलेली असत. तो तेवढा तुकडाही मागून आणायचा, आणि तो कुणाकडून, कुठून मिळाला हे लिहून ठेवायचा. १७२८मध्ये कोपनहेगनला मोठी आग लागली. त्याची छापील पुस्तकं मोठ्या संख्येने जळाली, हस्तलिखितं बरीचशी वाचली. १७३०मध्ये तो गेला, संग्रह कोपनहेगन विद्यापीठाला देऊन.

आइसलँड स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने डेन्मार्कमधली आपली जुनी हस्तलिखितं परत मागितली. डेन्मार्कच्या संसदेने मान्यता दिली, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण शेवटी संसदेचा निर्णय टिकला. २१ एप्रिल १९७१ला डॅनिश नौदलाचं जहाज रेकयाविकच्या धक्क्याला लागलं. त्यावर जुन्या काव्यांची कोडेक्स रेगियस आणि ‘फ्लातेयारबोक’ ही दोन हस्तलिखितं होती. फ्लातेयारबोकमध्ये पंधराव्या शतकात काही पानं नव्याने जोडली गेली, त्यांत चांगल्या मॅग्नसचा सागा आहे. पुढे १९९७पर्यंत टप्प्याटप्प्याने हस्तलिखितं येत राहिली. उरलेली कोपनहेगनमध्ये आहेत. दोन्ही शहरांत ती सांभाळणाऱ्या संस्थांना आर्नीचं नाव दिलेलं आहे, आणि त्या नावातला मॅग्नूस म्हणजे त्याचे वडील, मॅग्नूस योन्सन.