गोठणगावचे शेजारी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘दोनच मिनिटं बोल’, असं बाईंनी बजावलंय. त्यांच्या लेखी मी अजून दहावी ‘ब’मधलाच!

थंडी पडली की तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागायची, आठवतं? आपण किती घासाघीस करायचो! आपल्याच भागात, गोठणगावजवळ, त्यांची वसाहत आहे, एवढंच ठाऊक होतं. ती माणसं इथवर कशी आली, हे आपण कधी विचारलं नाही.

समुपदेशनाच्या कामात पडल्यावर मी ते वाचलं. मार्च १९५९मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले. त्यांच्यामागून हजारो लोक हिमालय ओलांडून आले. कुणाची बोटं हिमदंशानं गेली, कुणाची माणसं वाटेत गेली. इथं अनेकांनी डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडली. १९७२मध्ये नॉर्गेलिंग ही वसाहत उभी राहिली, आणि बर्फातली माणसं विदर्भाच्या उन्हात शेती शिकली.

झोप उडणं, भीतीची स्वप्नं पडणं हे त्यांनाही चुकलं नाही. तरी त्यांची सावरण्याची ताकद अभ्यासकांना जाणवली. त्यांच्याकडे ‘लोजोंग’ म्हणजे मनाची मशागत करतात. दुःख आलं की ‘मलाच का?’ असं न म्हणता, असंच सोसणारे आणखी किती असतील, हे आठवायचं. ‘तोंगलेन’मध्ये श्वास घेताना दुसऱ्याचं दुःख आत घ्यायचं, सोडताना त्याला सुख द्यायचं. दलाई लामा एका भिक्षूबद्दल सांगतात. तो अठरा वर्षं चिनी कैदेत होता. तिथं सर्वांत मोठा धोका कसला वाटला, तर चिन्यांविषयीची करुणा हरवण्याचा!

हे सगळं मी इतरांना समजावून सांगतो. पण आपल्या बॅचचा एक मित्र आज आलेला नाही. गेल्या वर्षी त्याचा तरुण मुलगा गेला. काय बोलावं सुचेना, म्हणून मी फोनच केला नाही. समुपदेशक असून! तुमच्यापैकीही काहींचं तसंच झालं असेल. दुःखी माणसाला आपण असं एकटं पाडतो.

शहाणपणाचे शब्द माझ्याकडे आजही नाहीत. तरी जेवणाआधी मी त्याला फोन लावणार आहे. ज्यांना बोलायचंय, त्यांनी माझ्याजवळ येऊन बसा. तो रडला तर रडू देऊ.

बाई, दोन मिनिटं झाली.