वसतिगृह आणि घर

(धर्मग्रामाच्या महोत्सवसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं झालेल्या कार्याची मोजदाद करावी, असा रिवाज आहे. ती इतर वक्त्यांनीं केलीच आहे. आम्ही आपणांपुढें एकच प्रश्न ठेवूं इच्छितों. रानांतल्या, पाड्यावरच्या किंवा खोपींत राहणाऱ्या मुलास आपण शिकवावयास घेतों, तेव्हां त्यास काय देतों, आणि त्याजपासून काय काढून घेतों?

या प्रश्नाचा विचार करावयास कोल्हापुरासारखें गांव नाहीं. या नगरास विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणतात, तें यथार्थ आहे. केवळ शाळा उघडून खेड्यांतील गरीब मुलगा शिकत नाहीं. त्यास शहरांत निवारा व दोन वेळची भाकरी हवी, हें राजर्षि शाहू छत्रपतींनीं ओळखलें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. पुढें जैन, मुसलमान, लिंगायत आदि समाजांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालें. जातवार वसतिगृहांनीं भेद वाढेल, हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. तथापि एक गोष्ट मननीय आहे: महाराजांनीं जागा व पैसा दिला, कारभार बहुधा त्या त्या समाजाच्या हातीं राहिला, आणि मुलगा शिकला तरी आपल्या माणसांस पारखा झाला नाहीं.

याच्या उलट प्रकार कॅनडा देशांत घडला. तेथील मूळ रहिवाशांचीं दीड लाखांहून अधिक मुलें आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्यांत आलीं. तेथेंही छप्पर होतें, पाटी-पुस्तक होतें. परंतु मुलानें मायबोलीचा शब्द उच्चारला तर त्यास शिक्षा होई. कित्येक मुलें घरीं परतलींच नाहींत. बंधूंनो, हें सांगतांना मान खालीं जाते, कारण यांतील निम्म्याहून अधिक शाळा आपल्याच कॅथलिक संस्थांच्या हातीं होत्या. परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीं २५ जुलै २०२२ रोजीं आल्बर्टा प्रांतांतील मास्क्वासिस येथें स्वतः जाऊन त्या लोकांची क्षमा मागितली. मुलाचें घर मोडून केलेला उद्धार हा उद्धारच नव्हे, हा त्यांतील बोध आहे.

मग मार्ग कोणता? तो आपल्या महाराष्ट्रांतच मळलेला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य १९५७ सालीं डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर नेलें. वारल्यांचीं मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळेंत येत नसत. बाईंनीं मुलांस दोष न देतां शाळाच कुरणांत नेली, तीच कुरणशाळा. रानांतील बिया, पानें व खडे हींच शिकण्याचीं साधनें झालीं. त्याच वारली समाजांतील जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, ती झोपडीच्या भिंतीवरील पिढीजात चित्रकलेसाठीं. ज्यांस आपण अडाणी म्हणतों, त्यांच्या घरीं विद्या नसते असें नाहीं. ती पाहण्याची दृष्टि आपणांपाशीं नसते.

प्रभु येशूनेंही बियाण्याचे व हरवलेल्या मेंढराचे दृष्टांत सांगितले. ऐकणाऱ्याच्या घरांतूनच त्यानें पाठ काढला.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांत ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला खोपींत थोरलें भावंड धाकट्यास सांभाळीत बसतें आणि त्याची शाळा गांवीं राहते. डोंगरांतील धनगरवाड्यांवरून मुलें पायवाटेनें शाळेस उतरतात. या मुलांसाठीं आम्ही आपणांपाशीं देणगी मागत नाहीं. फडापर्यंत जाऊन शिकवितील असे तरुण आम्हांस हवेत, आणि शहरांत राहून शिकूं पाहणाऱ्या वाडीवरच्या मुलासाठीं एखाद्या घराचा एक कोपरा हवा. मात्र जाणाऱ्यानें प्रथम त्या मुलांचीं गाणीं व गोष्टी ऐकाव्या. अक्षरें त्यानंतर शिकवावीं. सुटीत मूल घरीं गेलें म्हणजे आजीस त्याची बोली परकी वाटूं नये, एवढी खूण आपण सांभाळली तर आपलें शिकविणें सार्थकीं लागलें असें समजावें.

प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.