अध्यक्षीय भाषण : दात काढल्यानंतर इम्प्लांट केव्हा?

दात काढला की जबड्याच्या हाडात खळगा उरतो आणि त्याच दिवसापासून त्याचा आकार बदलू लागतो. आधी रक्ताची गुठळी धरते. आठवडाभरात तिची जागा नाजूक, लालसर ऊती घेतात. दोन-तीन आठवड्यांनी तळाकडून नवे हाड तयार होऊ लागते आणि महिना-दीड महिन्यात वरून हिरडी मिळून येते. खळगा असा भरत असताना त्याच्या भिंती मात्र झिजत असतात. मुळाला लगटून असलेला हाडाचा थर दाताच्याच आधाराने टिकतो; दात गेला की तोही विरतो. वरच्या पुढच्या दातांत ओठाकडची भिंत बहुधा एक मिलिमीटरही जाड नसते आणि जवळपास सगळी याच थराची असते. म्हणून झीज बाहेरून अधिक होते. श्रॉप आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाढा व उपदाढांच्या जागा वर्षभर मोजल्या. त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्याने घटली होती, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती.

स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत खळगा पूर्ण भरेपर्यंत कित्येक महिने थांबणे हा नियमच होता. पुढे १९७० च्या दशकात जर्मनीत शुल्टे यांनी ताज्या खळग्यातच इम्प्लांट बसवण्याचा मार्ग दाखवला. हॅमर्ले, चेन आणि विल्सन यांनी २००४ मध्ये मांडलेली चार वेळांची विभागणी आज सर्वत्र वापरात आहे : त्याच बैठकीत, हिरडी मिळाल्यावर चार ते आठ आठवड्यांनी, हाड बऱ्यापैकी भरल्यावर बारा ते सोळा आठवड्यांनी, आणि त्यानंतर, पूर्ण भरलेल्या जागेत.

त्याच बैठकीतले इम्प्लांट रुग्णाला सर्वांत आवडते, कारण एक शस्त्रक्रिया वाचते. पण त्याने भिंतीची झीज थांबते हा समज चुकीचा आहे. आराउजो, लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत इम्प्लांट बसवूनही बाहेरची भिंत खचलीच. म्हणून अटी कडक आहेत. ओठाकडची भिंत शाबूत हवी, हिरडी जाड हवी, पू वाहत असता कामा नये आणि मुळाच्या टोकापलीकडे तीन-चार मिलिमीटर घट्ट हाड मिळायला हवे. इम्प्लांट टाळूच्या बाजूला सरकवून बसवावे लागते. भिंत आणि इम्प्लांट यांच्यातली फट दोन मिलिमीटरहून मोठी असेल तर ती हळू विरघळणाऱ्या हाडाच्या दाण्यांनी भरतात. यातली एक अट जरी चुकली तरी काही वर्षांनी हिरडी वर सरकू शकते आणि हसताना धातूची करडी छटा दिसू लागते. पुढच्या दातांत भिंतीबद्दल शंका असेल तर सहा-आठ आठवडे थांबणेच शहाणपणाचे. तोवर हिरडी मिळालेली असते, संसर्ग ओसरलेला असतो आणि झीजही फार पुढे गेलेली नसते. बारा आठवड्यांची वेळ मुख्यतः मोठ्या दाढांच्या रुंद खळग्यांसाठी कामी येते.

आपल्या परभणी जिल्ह्यात वेळांच्या या तक्त्याला आणखी एका तक्त्याशी जुळवून घ्यावे लागते. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऑक्टोबरात दाढ काढलेल्या मजुराला आठ आठवड्यांनी बोलावणे म्हणजे त्याला न बोलावण्यासारखेच. अशा रुग्णाचा खळगा दात काढतानाच हाडाच्या दाण्यांनी भरून वर पडदा शिवला, तर झीज पुष्कळ कमी होते आणि पाच-सहा महिन्यांनी तो परत येईल तेव्हा इम्प्लांटला पुरेसे हाड हाती राहते. इम्प्लांटचा खर्च न झेपणाऱ्यालाही हे जपलेले हाड ब्रिज किंवा कवळी नीट बसण्यासाठी उपयोगी पडते.

दुसरी अडचण उशिराची आहे. वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज खेड्यांत अजून आहे. त्याला कोणताही आधार नाही. पण त्यापायी रुग्ण गळू फुटेपर्यंत थांबतो आणि येतो तेव्हा भिंत संसर्गानेच खाल्लेली असते. मिश्री-तंबाखूची सवय आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी जखम भरणे लांबते. अशा तोंडात तक्त्यातले आठवडे पुरत नाहीत. साखर आणि पायरिया आधी आटोक्यात आणावा लागतो.

सर्वांत मोठा फरक मात्र खुद्द दात काढणाऱ्या हाताने पडतो. चिमट्याने दात ओठाकडे झुकवून उपटला तर ती पातळ भिंत मुळासोबत निघून येते, आणि पुढची सगळी वेळापत्रके कोलमडतात. पातळ पात्याने मुळाभोवतीचे तंतू सावकाश सोडवणे, दाढेची मुळे कापून एकेक वेगळी काढणे, यात दहा-पंधरा मिनिटे जास्त जातात. परभणीच्या सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत विद्यार्थ्यांच्या हातून दात काढण्याचे काम सतत होत असते. हे कौशल्य तिथे पहिल्या दिवसापासून घोटवून घ्यावे. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक दंतवैद्याने भूल देण्याआधी रुग्णाला विचारावे की या जागी पुढे काय बसवायचे आहे आणि तो पुन्हा केव्हा येऊ शकेल. उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावे, मगच चिमटा हाती घ्यावा.